तुरीच्या दाण्याएवढा उजेड

पापाच्या तिकटीला माझं दुकान. घड्याळं, चष्मे,
वर्षाकाठी दोनचार दुर्बिणी, त्याही बहुतेक दुरुस्तीच्या.
सर्जेराव इंगवले आले ते आजोबांची जर्मन दुर्बीण घेऊन.
उघडली. आत लोलकावर बुरशी,
पांढरी, कुणी बसून विणल्यासारखी.
"ही गेली," म्हटलं.
"मग नवी दाखवा," म्हणाले,
आणि आवाज खाली आणून, "शिकारीला."
परवाना पीकराखणीचा. भोगावतीकाठी ऊस,
उसात डुकरं.

बरोबर नागू बोडके,
उन्हानं विटलेला गुलाबी पटका,
पायताण दाराबाहेर.
त्याचं घर तीन पिढ्या इंगवल्यांच्या शिकारीत
हाकारा घालत आलेलं.

फडकं अंथरून मी तीन मांडल्या.
सर्जेरावांनी बारा पटीची उचलली, लहान, झोकदार.
समोरच्या भांड्यांच्या दुकानात
एका घागरीवर घातलेलं नाव वाचलं.
"सौ. इंदुमती! अक्षरासकट दिसतंय की!"

मी म्हटलं, पट वाढली की हात उघडा पडतो,
छातीतला ठोकासुद्धा काचेत हलतो.
जरा लांब धरा. डोळा लावायच्या काचेत
उजेडाचा वाटोळा ठिपका दिसेल :
ह्या बाराच्यात मोहरीएवढा,
ह्या दहाच्यात जोंधळ्याएवढा,
आणि ही सातची, बोजड, कुणी न नेलेली,
हिच्यात तुरीच्या दाण्याएवढा.
अंधार पडला की डोळ्याला भूक लागते.
मोहरीनं काय होणार त्याचं?

नागूनं एकीलाही हात लावला नाही.
"दुपारच्याला समद्याच दुर्बिणी शाण्या," म्हणाला.
"दिस बुडू द्या."

दोनदा चहा झाला.
मग शटर अर्धं ओढून आम्ही तिघं रंकाळ्यावर.
पाण्यात म्हशी. त्यांच्या पाठी आणि पाणी
एकाच रंगाला लागलेले.
सर्जेराव बारा पटीतून बघत राहिले.
"काय न्हाई. काळं नुसतं."

नागूनं सातची घेतली, कोपरं कठड्यावर रोवली.
श्वास ऐकू येईना इतका वेळ.
"अकरा हैत. कडंची गाभण हाय.
तिच्यामागं पोरगं हाय, वाकून पाय चोळतंय तिचं.
घोंगडं... न्हाई. पोतं हाय अंगावर."

दुर्बीण डोळ्यालाच ठेवून बोलला पुढचं :
"आण्णाबी असाच वाकला हुता.
हाकारा सपत आल्याला. काटा मोडला पायात.
अंगावर घोंगडं.
थोरल्या सरकारांच्या गळ्यात दुर्बीण हुती, भारीतली.
म्यानात हुती.
बटन लावल्यालं."

ती जर्मन सर्जेरावांच्या काखेत होती.
त्यांनी ती दुसऱ्या काखेत घेतली.
भेळेच्या गाड्यांवर दिवे लागले. एकजण
गिऱ्हाइकाला हाका मारायला लागला, मोठ्यानं,
आणि आम्हाला ते बरंच वाटलं.

"जनावर कळायला कान पुरत्यात, धनी," नागू म्हणाला.
"दुर्बीण लागती ती
ज्याच्यावर बार टाकायचा न्हाई, त्ये दिसाया."

दुकानात परतल्यावर सर्जेरावांनी भाव केला नाही.
कोल्हापुरात माझ्या तीस वर्षांत
न घासाघीस करता गेलेली ही एकच वस्तू.
नागूनं सातची गळ्यात अडकवली, पट्टा आखूड करून घेतला,
कातडी म्यान परत माझ्यापुढं सरकवलं.
"ह्ये ऱ्हाऊ द्या हितं."
राहिलंय. सुटे स्क्रू ठेवतो त्यात.

जर्मन मात्र सर्जेरावांनी नेली.
म्हटलं, बुरशी काढून बघू का, लागलं नशीब तर?
उंबऱ्यात थांबले. झाकणाचं बटन
उघडलं, लावलं, परत उघडलं.
"नको," म्हणाले. "आहे तशी असू दे."