कमी आचेवर

भांडं अमेरिकेहून आलं, मेव्हण्याच्या बॅगेतून,
दोन बनियनांत गुंडाळून.
एकशे दहा व्होल्टचं, म्हणून सात रस्त्यावरून
ठोकळ्याएवढा ट्रान्सफॉर्मर आणला. तो दिवसभर घूं करतो.
बटणं तीनच: कमी, जास्त, गरम.
शिट्टी नाही.
हे कळलं तेव्हा मी हसलो, यमुना हसली नाही.
जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटचा करार तिने वाचलाय,
अकरा महिने,
आणि खाली पेनाने वाढवलेली एक ओळ.

पहाटे पाचला सेटलमेंटात गेलो.
भीमशा ओंडका धूत होता.
खांदा दे दोन किलो, चरबी राहू दे.
तुकडे?
नको, अख्खा.
अख्खा कशात मावणार बे?
म्हणाला, आणि तरी वर्तमानपत्राच्या तीन घड्या घातल्या,
बाहेर काही दिसू नये अशा.

काळा मसाला, लसूण, गूळ, चिंचेचा कोळ,
वरून अर्धी बाटली टोमॅटो सॉस.
सहाला बटण दाबलं: कमी.
मग काहीच झालं नाही.
सात वाजले, नऊ वाजले, काचेच्या झाकणावर थोडा घाम.

अण्णा खाणीत असाच बसायचा.
दगडावर तांब्याभर पाणी ओतायचा
आणि कुठून आधी सुकतं ते बघायचा.
मुकादम ओरडायचा, तिम्मण्णा, झोपलास काय?
दगडाला धागा असतो, अण्णा मला सांगायचा,
घाईने मारलंस तर चुरा,
धाग्यावर मारलंस तर उघडतो.
एका डोळ्यात कच गेली, ती गेलीच.
उरलेल्या डोळ्याने अकरा वर्षं
तो धागे शोधत राहिला.

बाराला वास सुटला.
दाराच्या फटीला ओला टॉवेल लावला मी,
चाळीस वर्षांचा माणूस.
घरात आम्ही पंदी म्हणायचो,
शाळेत डबा उघडला की मटण.

दोन चाळीसला लाईट गेली.
पंखा थांबला तशी यमुना उठली,
सिव्हिलची रात्रपाळी करून झोपलेली.
काही न बोलता खाटेखालची चादर काढली,
मोरांची, लग्नातली,
आणि भांड्याला गुंडाळली.
एप्रिल, बाहेर त्रेचाळीस,
घरात चादर पांघरलेलं ते एकटंच.
मग पेशंटवर ठेवते तसा तिने हात ठेवला.
"ताप आहे अजून," म्हणाली.

सव्वाचारला लाईट आली. बेल वाजली.
वरच्या हिरेमठ काकू:
तुमच्याकडे आली का? आमचा हॉल अंधारातच आहे.
बोलता बोलता थांबल्या. नाक.
काय शिजतंय एवढं?
मटण हा शब्द माझ्या ओठांवर
तयारच होता, शाळेपासून.
पंदी, मी म्हणालो.
पंदी म्हणजे?
मागून यमुना: डुक्कर, काकू.
ट्रान्सफॉर्मर तेवढा बोलत राहिला.
बरं, काकू म्हणाल्या.
आणि मग, फ्यूज बघाल का जरा, नंतर.
जिन्यात त्यांच्या चपला वाजत गेल्या,
कुठे थबकल्या का, मी ऐकत होतो.

सहाला झाकण काढलं.
दोन काटे घेतले, ओढायला जोर काढून ठेवलेला,
तो लागलाच नाही.
मांस आपणहून सुटत गेलं,
लांब लांब, एकाच दिशेने.
हाड नुसतं उचललं तर हातात आलं, कोरडं, स्वच्छ.
यमुना म्हणाली, ताटात वाढ की, बघत काय बसलास.
पाव संपले. मग कडक भाकरी रश्शात मोडली.
सॉसबद्दल ती शेवटपर्यंत काही बोलली नाही,
तिसऱ्यांदा घेतलं तेवढंच.

टेस्टर खिशात घालून वर गेलो.
हात दोनदा धुतले होते, साबणाने,
तरी बोटांना गूळ आणि धूर.
बेल वाजवली.
दार उघडायला वेळ लागत होता.
मी परत वाजवली नाही.