फाळका

पटाच्या वावरात पहिलं जेवण कोणी मांडलं
हा वाद आमच्याकडे पटाइतकाच जुना.
उकंडाजी म्हणे, माझ्या आज्यानं:
आख मोडला खासराचा, घरी जाता येईना,
मग मागच्या साट्यावरच पीठ मळलं,
गोवऱ्यांत रोडगे पुरले.
पंचफुला मावशी हसायची:
मळलं कोणी? तुझ्या आज्याला
परात तरी ओळखू येत होती का?

खासरं गेली, मेटॅडोर आला,
आता गुणवंताची पिकअप.
कड्या काढल्या की फाळका धाडकन पडतो
आणि त्यावर पंगत.
वांग्याच्या भाजीचा तवंग गंजाच्या काठाला,
कांदा शेजारच्या गाडीतला, मीठ आपलं.
ज्यांच्या जोडीशी आपली जोडी लागणार
त्यांना आधी वाढायचं.

मध्ये पटावर बंदी होती.
त्या माघातही आम्ही गेलो.
घड्याळवाला नाही, धुरकरी बिनकामाचे,
बैल घरीच रवंथ करत.
तरी सतरा फाळके उघडले,
आणि सगळे जेवलो तिकडेच तोंड करून
जिथं काहीच धावत नव्हतं.

रोडग्याची राख झटकत
मावशी एवढंच बोलली:
"पाह्य, आता तरी समजलं?
कोन कोनाच्या मांगं आलं ते."