तिसरा वाफा

फळीवर पालथी हो, सोइला, मोडत नाही ती.
माझ्या बापाला तिनं चाळीस हिवाळे पेललं.
पाऊल खाली नको. ही माती
टोपलीटोपलीनं पाठीवरून चढवलीय
समुद्रापासून इथवर.

चार पानं झाली की बासिलिको उपटायचं, मुळासकट.
पान बघ: पोट फुगलेलं, चमच्यासारखं.
देठ चौकोनी, बोटांत फिरवलास तर कडा लागतील.
पानाच्या पाठीवर सुईच्या टोकाएवढे ठिपके,
सगळा वास तिथे.
पाणी पहाटेच. रात्रभर ओल राहिली
तर पानाखाली करडी लव धरते,
मग अख्खा वाफा जाळायचा.
मंजिरी दिसली की खुडून टाक.
फुलाच्या नादी लागलं
की झाड पानाला विसरतं.

आणखी एक.
दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात माझं नाक गेलं.
बाजारात कुणाला ठाऊक नाही.
पुदिन्याची नुसती झाक आली तरी
जिनोआचे खानावळवाले पेटी परत धाडतात,
आणि मी वाफ्यांतून हिंडतो
बहिऱ्यानं घंटा वाजवत बसावं तसा.

ती उठली नाही. पालथीच म्हणाली,
"तिसऱ्यात पुदिना आहे. सातव्यात जरासा.
बाकी सगळी लवंग."
मग, "कोपऱ्यातली ती रांग? मंजिऱ्या वाळल्या तरी उभी?"
"बियाण्याची. आईचं बी आहे."
पोटात कळ आली की आई त्याचाच काढा द्यायची,
वर एक चापट.

शनिवारी तिनं त्यातली जुडी मागितली.
तिकडे, इक्वेडोरात, कान ठणकला तर पान चुरून लावतात,
आणि भ्यालेल्या माणसाला
फुललेल्या जुडीनं डोक्यापासून टाचेपर्यंत झोडपतात.
"मी भ्यालेलो नाही."
"बसा," ती म्हणाली.

बसलो. उलट्या पेटीवर.
खांद्यांवर, मानेवर, छातीवर सपासप;
काळं बी कॉलरीतून आत सांडलं.
खाली बंदरात सार्डिनियाची बोट भोंगा देत होती.
वास आला नाही.

रात्री सदरा काढला, तर घामानं
बी फुगलेलं, एकेकाभोवती
बेडकाच्या अंड्यासारखी काचेरी साय.
सात होती. चष्मा लावून पुन्हा मोजली, सातच.
खिडकीतल्या डब्यात टोचली.

सोमवारी तिसऱ्या वाफ्याचा माल
बाजारात नेला नाही.