बाकी

स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा
काचेमागे, भाड्याच्या नव्हे, किलोमीटरच्या,
नऊ नऊ नऊ नऊ आठ
आणि शेवटचा लाल आकडा तीन.
मी मनातल्या मनात दशांशचिन्ह पुसलं.
नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी.
सहा आकड्यांतली शेवटची अविभाज्य संख्या
माझ्या गुडघ्यासमोर, शंभर मीटरपुरती.

चौऱ्याऐंशी साली, पेपर तपासून झाल्यावर,
मी आणि घांग्रेकर पैजेवर
कॅल्क्युलेटर कपाटात कोंडून हिला भागत बसलो होतो.
हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट अविभाज्यांनी;
त्यापुढे जायची गरज नसते.
एकाआड एक वाटून घेतले, दोन माझा, तीन त्याचा.
वाट्याला चौऱ्याऐंशी, साल चौऱ्याऐंशी.
योगायोगाला घांग्रेकर पुरावा म्हणत नसे.
सतरा माझा: बाकी नऊ.
सदतीस त्याचा: बाकी एकवीस.
नऊशे एक्क्याण्णव माझा: बाकी चौसष्ट.
शेवटचा नऊशे सत्त्याण्णव त्याच्याकडे गेला.
पेन्सिल ठेवून म्हणाला, "बाकी आहे. चहा सांग."
किती, ते मी विचारलं नाही.

"काय बघताय, काका?" आरशातून शकूर तांबोळी.
"लाख व्हायला आले. शून्यांचा फोटो काढणारे."
मी सांगितलं, हा आकडा वाटता येत नाही.
एकतर सगळा एकाला,
नाहीतर तितक्याच माणसांना एकेक.
"आमच्या हडपसरच्या जागेसारखं," तो म्हणाला
आणि सिग्नल सुटला.

चौक ओलांडेपर्यंत तिनाचे चार. सम. संपलं.
हिराबाग, पूरम चौक, एस. पी.चं फाटक,
दहा लाखापर्यंत एकही तशी नाही,
सगळ्या कशाने ना कशाने तुटणाऱ्या.
टिळक स्मारकापुढे त्याने रिक्षा कडेला घेतली.
नवांची रांग एकदम कलंडली.
सहा शून्यं. मागे पीएमटीचा हॉर्न.
फोटो हलला.

घांग्रेकर फेब्रुवारीत गेला.
वहिनींनी वह्या काढून ठेवल्यात,
"हव्या त्या न्या, उरलेल्या रद्दीला."
त्याचे भागाकार मी कधी तपासले नाहीत.
संख्या अविभाज्य आहे, हे छापील कोष्टकातही आहे.
प्रश्न तो नाही.

अलका चौकात मीटरवर नुसता तीन.
खरे दहा लाख तीन; मीटर दहा लाख विसरला.
तीन अविभाज्य, आणि दहा लाख तीनही.
विसरूनसुद्धा बरोबर आला गडी!
शकूरला हे सांगायचं होतं,
पण त्याला पुढचं गिऱ्हाईक मिळालं होतं.

नारायण पेठेतल्या जिन्यात, दम खायला थांबलो
तेव्हा शेवटी तोंडी केलं.
नऊशे सत्त्याण्णव, एक हजार दोन वेळा.
उरले नऊशे एकोणनव्वद.
आणखी आठ असते
तर भाग गेला असता.

मग बेल दाबली.