पाचवा रकाना

महापालिकेच्या पाटीवर या चौकाला कुणाचं तरी नाव आहे.
पाटीसमोर फांदी आली, त्यालाही नऊ वर्षं झाली.
बिबवेवाडीत सगळे म्हणतात डीपीचा चौक,
कोपऱ्यातली ती लोखंडी पेटी
दिवसभर गुणगुणत असते म्हणून.

मला तिथं मोजणीला बसवलं.
तीन दिवस, सकाळी सात ते रात्री आठ,
एक प्लास्टिकची खुर्ची, एक पॅड आणि छापील तक्ता:
दुचाकी. चारचाकी. बस-टेम्पो. पादचारी.
चार काड्या उभ्या, एक आडवी, झाले पाच.
दुचाकीचा रकाना पहिल्या तासातच
काटेरी कुंपणासारखा दाट झाला.

सायकलला रकाना नव्हता.
"दुचाकीत टाका," साहेब फोनवर म्हणाले, "चाकं दोनच ना?"
हे सायकलींचं शहर होतं,
असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं
ते सगळे गाडी चालू ठेवून बोलत होते.

साडेनऊला हौसाबाई कुदळे आल्या.
हातात घडी घातलेली पिशवी, भाजीवाले पलीकडे.
एक पाय खाली. पाय वर.
अप्परची बस गेली. शाळेची व्हॅन गेली.
एक पोरगा उलट्या बाजूनं आला
आणि त्यांच्याकडेच रागानं बघून गेला.
सात मिनिटांनी त्या वळल्या
आणि घरी गेल्या.

हे मी कुठं लिहू?

समासात पट्टी धरून एक रेघ ओढली,
वर लिहिलं: परत गेले.
तीन दिवसांत एकशे सत्तेचाळीस.

साहेबांनी त्या आकड्यावर पेनाचं टोक आपटलं.
"हे कशात धरायचं?"
मग चहा संपेपर्यंत काही बोलले नाहीत.
नकाशावर वळणाची त्रिज्या बारा मीटर होती,
ती त्यांनी खोडली, सहा लिहिली.
"वळताना जरा मान वळवायला लागू दे लोकांना."

रविवारी रात्री फक्की आली, पिंपं आली.
मोहसीन तांबोळी पंक्चरवाल्यानं जुने टायर दिले,
मोजून बावीस, आणि पावती मागितली.
कोपरा आत घेत घेत रेघ आखली,
चुन्यानं माझी बोटं दोन दिवस चुरचुरली.

सोमवारी अप्परच्या बसनं एक पिंप चेपलं.
आम्ही अर्धा मीटर मागं सरलो.
हार्डवेअरवाले ओसवाल म्हणाले, "माझं गिऱ्हाईक गाडी कुठं लावणार?"
ते रोज विचारतात.
अजून माझ्याकडे उत्तर नाही.
मंगळवारी गळका टँकर गेला, निम्मी फक्की धुतली गेली,
तरी गाड्या नसलेल्या रेघेमागं थांबल्या.
काही. सगळ्या नाही. पुणं आहे.

गुरुवारी पुन्हा मोजणी. तक्ता तोच,
पाचवा रकाना घरूनच आखून आणलेला.
साडेनऊ झाले. हौसाबाईंची वाट बघत मी कडेकडे डोळे लावले
आणि त्या आल्या पलीकडून,
पिशवी भरलेली.
म्हणजे गेल्या कधीतरी,
आणि ती काडी माझ्या हातून निसटली.

मी पेन टेकवलं.
त्या पिंपांपर्यंत आल्या आणि थांबल्या.
टायरवर रुमाल अंथरला, बसल्या,
मटारच्या शेंगा काढून सोलू लागल्या,
गेल्या आठवड्यात जिथून टेम्पो कडेला घासत वळायचे
बरोबर तिथं.
साडेदहापर्यंत चौघी झाल्या.
एक मुलगी सायकलवर त्यांच्याभोवती गोल गोल,
तिला एकदा धरायचं की चौदा वेळा?

"एवढं काय लिहितेस गं?"
तुम्हाला कुठं टाकू, ते बघतेय, मी म्हटलं.
"टाकतेस कशाला? हात मोकळा असेल तर ये."

समासही संपला होता.
फोन वाजत होता, साहेबांचाच असणार.
मी पॅड मांडीवर उलटं केलं.
त्यावर टरफलं साठत गेली.