तीस ग्रॅम साखर

लिटरला तीस ग्रॅम.
लॅबची बाटली संपली की चौगुले मॅडम म्हणतात,
"कोल्हापुरात साखरेचा तोटा आहे होय?"
मग मी सायबर चौकातनं किलोभर आणते.
आगर, क्षार, चिमटीत मावेल एवढं संजीवक,
आणि ही साखर,
ज्या उसानं माळ खाल्ला त्याच उसाची.
माळाचं रोप तीच खाऊन वाढतं.
मी कुणाला बोलत नाही. ढवळत राहते.

शिकलगाराची लेक मी.
अब्बांचं चाक लक्ष्मीपुरीत फिरायचं.
सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते.
ठिणग्या पायावर पडल्या तरी पाय हलायचा नाही.
"धार दिसत नसते, ऐकू येते," म्हणायचे.
आता माझ्या हातात बोटभर पातं.
स्पिरिटच्या ज्योतीत लाल करायचं, निववायचं,
आणि खोडाचं पेर कापायचं
असं, की डोळा बरोबर मध्ये राहील.
डोळा. उसालाही हाच शब्द.

काचेच्या पेटीत वारा एकाच दिशेनं येतो,
गाळलेला, बिनवासाचा.
मसाईच्या पठारावर तो कसा अंगावर येतो
हे या पोरांना ठाऊक नाही.
सागरमाळावर राहते मी,
तिथंही माळ आता फक्त पाटीवर.

शेजारीण विचारते, "केळीची रोपं करता न्हवं?
चार द्या की आमाला."
तिला सांगितलं, केळी नव्हे, कंदीलफूल.
वीतभर वेल, गवताच्या आधारानं उभी.
फुलात माशी शिरते,
आतले केस खाली वळलेले, बाहेर पडता येत नाही.
रात्रभर कोंडून घेतं फूल तिला.
परागांचं काम झालं की केस सुकतात
आणि दार उघडतं.
"भाजी हुती का त्याची?"
"नाही."
"मग वं?"

मार्चमधल्या एका सोमवारी सात तास वीज नव्हती.
जनरेटरच्या डिझेलचं बिल कुठंतरी सहीला अडकलेलं.
चौथ्या दिवशी बरण्यांत पांढरी बुरशी, मग काळी.
एकशे बारा बरण्या मी उकळून मोरीत ओतल्या.
साखरेचा वास दोन दिवस हाताला.

एकीत मात्र फूल होतं.
माती नाही, श्रावण नाही,
घट्ट झाकणाखाली कंदील लागलेला.
मॅडमनी फोटो काढला, तारीख घातली,
खूश होत्या.
मी घरी येऊन भाकरी थापताना
त्या केसांचाच विचार करत होते.
माशीच नाही, तर सुकायचे कुणासाठी?

जुलैत चाळीस रोपं मसाईवर नेली,
कोकोपीटमधनं जांभ्याच्या खळग्यांत.
म्हशी वळवत धाकलू झोरे आले,
काठीवर हनुवटी ठेवून बघत राहिले.
"ही तर हामण. पोरपणी उकरून खायचो आमी.
तुमी लावायला लागलाय व्हय?"
आणि खूप वेळ हसले.
नंतर गप्प झाले, ते मला जास्त लागलं.

सप्टेंबरात मोजणी.
अकरा म्हशींनी तुडवली.
जीपच्या चाकोरीत पाच,
कुणीतरी सूर्यास्त बघायला आलेलं.
सोळा नुसतीच वाळली, कारण नाही.
सात जिवंत. त्यातल्या एकीला फूल,
आणि फुलात काहीतरी फडफडत होतं,
मी गुडघ्यावर बसून ऐकलं.

उरलं एक.
तिथं खळगा, नखांनी उकरलेला,
आणि झोऱ्यांची नात, ओठाला माती.
बोराएवढा कंद.
"ग्वाड हाय," म्हणाली.

वहीत रकाने दोनच. जगली. मेली.
वारा पान उलटत होता, मी ते अंगठ्यानं दाबून धरलं
आणि पट्टी नसताना, वाकडाच,
तिसरा रकाना आखला.
त्याच्यावर काय लिहायचं, मॅडम अजून विचारतात.