सत्तावीस मिनिटं

आधी त्यांनी पैसे मोजून दाखवले.
रविवार. बाहेर उणे एकोणीस.
तांपेरेची दोन्ही तळी इतकी गोठलेली
की दुधाची गाडी वळसा टाळून बर्फावरूनच यायची.
चौघं जण. गिटारला पट्ट्याऐवजी
कुणाच्या तरी बापाच्या ओव्हरकोटाचा पट्टा.
आइलानं नोटा काढल्या,
मग चिल्लर, मग बुटातून आणखी एक नोट,
आणि विचारलं, यात किती तास बसतात?

आठ बसत होते.
मी अकरा म्हणालो. का, ते विचारू नका.

तोवर मी टेपवर घेतलेलं सगळं सभ्य होतं:
अकॉर्डियनवरचे टँगो, चर्चमधली वृंदगीतं,
एका बँकेच्या पन्नाशीचं भाषण.
माणूस श्वास कसा घेतो ते बघून
मी माइक कुठे ठेवायचा ते ठरवायचो.
आइला श्वास घेतच नव्हती.
पहिल्याच शब्दाला काटा लाल रेघ ओलांडून गेला
आणि परत यायचं नाव घेईना.
जरा मागे सरकून गा, मी म्हटलं.
म्हणाली, मागेच सरकत आलेय आजवर.
मी उठलो
आणि माइक मागे नेला.

बँडचं नाव चौथी पाळी.
पुठ्ठ्याच्या गिरणीत पाळ्या तीनच,
ही चौथी आमची, असं तैस्तो म्हणाला, बासवाला,
आणि लाजला.
गाणी बारा. घरभाड्यावर एक, सैन्यभरतीवर दोन,
कॅन्टीनच्या गुरुवारच्या वाटाण्याच्या सूपवर एक,
बावन्न सेकंदांचं, त्यात शिव्या एकोणीस.
सेप्पोला तीनच सूर येत होते.
चौथा मी दाखवायला गेलो
तर हात झटकून म्हणाला, हे तीन अजून संपलेत कुठे?

रात्री साडेनऊला काउकोनं ड्रमच्या काड्या खिशात घातल्या.
त्याची रात्रपाळी दहाची.
अकरा गाणी झाली होती.
बारावं राहिलं.
कुणी काही बोललं नाही. आइला कॉफीच्या कपात
सिगारेट विझवत राहिली, विझल्यावरही.

सव्वादहाला फोन वाजला.
काउको, मुकादमाच्या खोलीतून.
ओरडत होता, पण शब्द कळेनात,
त्याच्या मागे तीन नंबरचं यंत्र चालू होतं.
धाड, धाड-धड, धाड.
मी रिसीव्हर कानाशी धरून उभा होतो
आणि माझाच पाय हलायला लागला,
टँगोवाल्याचा पाय.

मग काय, रिसीव्हर खुर्चीला बांधला,
त्याच ओव्हरकोटाच्या पट्ट्यानं.
सेप्पो खाली बसून वाजवायला लागला,
आणि माझा सगळ्यांत महाग माइक,
जो बिशपसाहेबांसाठी राखून ठेवलेला,
तो मी त्या फोनच्या तोंडाशी लावला.
यंत्र त्यांच्यासाठी थांबणार नव्हतं.
तीच धावली त्याच्यामागे,
ठेचकाळली, दुसऱ्या कडव्यात पुढे गेली,
घसा फाटला तिथे फाटूच दिला.

नाकारलेल्या पुठ्ठ्याचीच वेष्टनं केली तिनशे,
बटाटा कापून त्याचे ठसे.
मागे लिहिलं:
ड्रम्स – काउको आणि यंत्र क्रमांक तीन.
माझं नाव चुकीचं छापलं. तसंच राहू द्या म्हटलं.

गिरणीच्या त्या भागात आता पोहण्याचा तलाव आहे.
सेप्पो कुठे असतो, माहीत नाही.
मला ऐकू कमी येतं, डावा कान तर गेल्यातच जमा,
तरी कधी कधी ती तबकडी लावतो
आणि बोट टेकवून बसतो स्पीकरवर.
बारावं गाणं संपतं, यंत्र संपत नाही,
आणि मग एक जाडाभरडा आवाज,
जो आम्ही कापला नाही:

कोण रे फोनवर? ठेव तो.

आणि खट्.